बोटीवर संसार मांडताय? मग यादी मागे राहणाऱ्यासाठी करा

गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीतल्या तीन मराठी कुटुंबांनी आम्हाला खरेदीची यादी पाठवली. नोकरीतून वर्षभराची रजा घ्यायची किंवा लांबूनच काम करायचं, मुलांना घेऊन शिडाच्या बोटीवर राहायचं, असा तिघांचाही बेत. यादी बघून सांगा काय राहिलंय, एवढंच विचारलं होतं. तिन्ही याद्यांमध्ये वरच्या तीन ओळी त्याच होत्या : समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र, लिथियम बॅटऱ्या आणि उपग्रहावरून इंटरनेट. मुलांची लाइफजॅकेटं सर्वात खाली, 'इतर' या सदरात, बादल्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांच्या शेजारी.

माझं म्हणणं सरळ आहे. यादी उलटी आहे. आणि ती उलटी होते, कारण ती चुकीच्या माणसासाठी केलेली असते.

आधी आमच्याविषयी थोडं. मी, नवरा आणि आमची नऊ वर्षांची लेक गेली दोन वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका ३८ फुटी बोटीवर राहतो. हिवाळ्यात साउथॅम्प्टनजवळच्या मरीनात मुक्काम, उन्हाळ्यात जमेल तसं चॅनल आयलंड्स आणि ब्रिटनीकडे. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, काम बोटीवरूनच. त्यामुळे सोलर, बॅटरी, इंटरनेट याची हौस मलाही कमी नाही. पण आमच्या धंद्यात एक शब्दप्रयोग आहे, 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर'. म्हणजे सगळी व्यवस्था ज्या एका गोष्टीवर उभी आहे आणि ती बंद पडली की सगळंच बंद, अशी गोष्ट. सर्व्हरच्या बाबतीत आपण ती शोधून काढतो आणि तिला पर्याय ठेवतो. बोटीवर मात्र ती गोष्ट बहुतेक वेळा एक माणूस असतो. जो बोटींबद्दल वाचतो, ज्याने कोर्स केलाय, जो यादी करतो, तोच. बहुतेक घरांत नवरा.

आता रात्री दोनची पाळी डोळ्यांसमोर आणा. तो वर एकटा आहे, बायको आणि मुलं खाली झोपलीत. तो पाण्यात पडला, तर बोटीवर उरतं कोण? समुद्रात बोट थांबवता न येणारी एक बाई आणि दोन लहान मुलं. म्हणून यादीतल्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा : मागे राहणाऱ्याला ही वापरता येईल का? उत्तर 'हो' असेल त्या वस्तू आधी. बाकीच्या नंतर, पैसे उरले तर.

या हिशोबाने पहिली खरेदी म्हणजे कोणी पडूच नये यासाठीच्या वस्तू. त्यातली मुख्य वस्तू स्वस्त आणि दिसायला अगदी साधी आहे. डेकवर पुढपासून मागपर्यंत दोन्ही बाजूंना घट्ट बांधलेली सपाट, मजबूत पट्टी. हिला जॅकस्टे म्हणतात. अंगात हार्नेस, हार्नेसला टेथर म्हणजे पट्टा, आणि पट्ट्याचा हूक या जॅकस्टेमध्ये. चालताना हूक सोबत सरकतो. तारेपेक्षा सपाट पट्टी बरी, कारण तारेवर पाय पडला तर तो घसरतो. पण उन्हाने पट्टी कुजते, वरून धडधाकट दिसली तरी आतून गेलेली असते. म्हणून ती काही वर्षांनी बदलायची, आणि बदलायची तारीख लिहून ठेवायची.

टेथर दोन हातांचा घ्या. एक हात साधारण मीटरभराचा, दुसरा त्याच्या दुप्पट. लांब हातावर माणूस बोटीला बांधलेला राहतो, पण कठड्यापलीकडे पाण्यात लोंबकळू शकतो. आखूड हातावर तो बोटीतच राहतो. मुलांना नेहमी आखूड. आणि हूक कुठे अडकवलाय हे बघायची सवय सगळ्यांना हवी. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लिपर या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण महासागरात एक अनुभवी खलाशी पाण्यात पडला, तेव्हा तो टेथरला बांधलेलाच होता. पण त्याचा हूक डेकवरच्या एका खुंट्याखाली अडकला, ताण आडवा आला, हूक वाकून उघडला आणि तो माणूस गेला. हूक सरळ ताण झेलण्यासाठी बनवलेला असतो, आडवा नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने यावर स्वतंत्र इशारा काढला होता. वस्तू विकत घेऊन काम संपत नाही, ते असं.

मुलांसाठी आणखी तीन गोष्टी. कठड्याच्या तारांना सगळीकडून जाळी, म्हणजे मूल आणि त्याची खेळणी दोन्ही आत राहतात. झोपायच्या बाकाला कापडी आडोसा, ज्याला ली क्लॉथ म्हणतात. बोट कलली तरी मूल खाली पडत नाही आणि तुम्हाला पाळीवर असताना घोर राहत नाही. आणि वजनाप्रमाणे मापाचं लाइफजॅकेट. 'मोठं घेऊ, दोन वर्षं चालेल' हा आपला शाळेच्या गणवेशाचा हिशोब इथे चालत नाही. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. दोन पायांच्या मधून जाणारा पट्टा असलेलंच घ्या आणि तो पट्टा लावाच. लहान मुलांना किमान १०० न्यूटन तरंगशक्तीचं, मान वर धरून तोंड पाण्याबाहेर ठेवणारं हवं. घेतल्यावर पोहण्याच्या तलावात मुलाला घालून पाहा. खऱ्या पाण्यात ते पहिल्यांदा घालायची वेळ येऊ नये.

दुसरा गट, पडलेल्या माणसाला परत वर घेण्याच्या वस्तूंचा. इथे बहुतेक याद्या कोऱ्या असतात. इंग्लिश खाडीचं पाणी मार्च-एप्रिलमध्ये दहा अंशांच्या आसपास असतं. अशा पाण्यात पहिल्या मिनिटभरात श्वास सुटतो, आणि साधारण दहा मिनिटांत हातापायांतली ताकद जाते. त्यानंतर त्या माणसाला स्वतः शिडी चढता येत नाही, दोरीही धरता येत नाही. वर ओढायचं काम बोटीवरच्या माणसाचंच. ८० किलोचा, भिजलेल्या कपड्यांतला नवरा ५५ किलोची बायको नुसत्या हातांनी कधीच वर घेऊ शकणार नाही. म्हणून मागच्या कठड्याला लांब दोरीचा तरंगणारा पट्टा लावून ठेवायचा. बोट माणसाभोवती गोल फिरवली की दोरी त्याच्या हाताशी येते आणि पट्टा काखेखाली घालता येतो. वर उचलायला सहापट ताकद देणाऱ्या कप्प्यांचा संच हवा. कागदावर ८० किलोचे तेरा-चौदा किलो होतात, घर्षण धरून वीस म्हणा. तेवढं मला झेपतं. सोबत एक शिडी अशी हवी, की जी पाण्यातून हात वर करूनही खाली ओढता येते.

आम्ही हे गेल्या जुलैत शांत पाण्यात नांगरावर करून पाहिलं. नवरा वेटसूट घालून पाण्यात, वर मी आणि लेक. पहिल्या वेळी अर्धा तास लागला. चौथ्या वेळी सहा मिनिटं. लेकीचं काम ठरलेलं आहे. तिने काहीही झालं तरी बाबाकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि एकदा नजर हटली की पुन्हा सापडत नाही. नऊ वर्षांचं मूल हे काम उत्तम करतं.

तिसरी वस्तू सगळ्यात स्वस्त. बोटीवरून किनाऱ्यावर ये-जा करायला छोटी रबरी बोट असते, तिच्या इंजिनाला एक लाल गुंडाळीची दोरी येते. तिला किल कॉर्ड म्हणतात. एक टोक इंजिनाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला. चालवणारा पडला की इंजिन बंद. ५ मे २०१३ रोजी कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टोजवळ एका वेगवान रबरी बोटीतून एका कुटुंबातले सहाही जण पाण्यात फेकले गेले. किल कॉर्ड कोणालाच लावलेली नव्हती. बोट चालूच राहिली आणि गोल फिरत त्यांच्यावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली, बाकीच्यांपैकी काहींना गंभीर जखमा झाल्या. ही काही वादळी रात्र नव्हती, सुट्टीतली दुपार होती. म्हणून आमच्याकडे नियम आहे : दोरी मांडीला लावल्याशिवाय इंजिनाला हात नाही, मग अंतर पन्नास मीटरचं का असेना. एक जादा दोरीही बोटीत ठेवा. चालवणारा पाण्यात पडला की त्याची दोरी त्याच्यासोबत जाते आणि उरलेल्यांना इंजिन पुन्हा चालू करायला दुसरी लागते. बघा, इथेही प्रश्न मागे राहणाऱ्याचाच आहे.

चौथा गट मदत मागण्याचा. बोटीच्या रेडिओवर झाकणाखाली एक लाल बटण असतं. झाकण उचलून ते साधारण पाच सेकंद दाबून धरलं, की बोटीचा क्रमांक आणि जागा आपोआप जवळच्या बोटींना आणि किनाऱ्यावरच्या तटरक्षकांना कळते. मग चॅनल १६ वर बोलायचं. रेडिओ चालवायला एरवी परवाना लागतो, पण जीव धोक्यात असताना कोणीही तो वापरू शकतो. काय बोलायचं हे आम्ही मराठीत समजावून आणि इंग्रजीत लिहून रेडिओशेजारी चिकटवलंय. लेकीला ते पाठ आहे.

रेडिओ किनाऱ्यापासून मर्यादित अंतरापर्यंतच पोचतो. त्यापलीकडे जायचं असेल तर ईपर्ब हवाच. हे ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संकेत देणारं यंत्र. एकदा सुरू केलं की किमान ४८ तास चालतं. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी यांच्या, गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या बोटीची डोलकाठी वादळात मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियापासून हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरात त्यांना चालताही येत नव्हतं. ईपर्ब सुरू केलेलं होतं, आणि तीन दिवसांनी फ्रेंच 'ओसिरिस' जहाजाने त्यांना गाठलं.

आणि आता भारतात बसून हे वाचणाऱ्या आई-बाबांच्या कामाची गोष्ट. ईपर्बची नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीत किनाऱ्यावरच्या माणसांचे फोन नंबर द्यावे लागतात. संकेत आला की बचावकेंद्र आधी त्या नंबरांवर फोन करतं. बोट खरंच समुद्रात आहे का, किती माणसं आहेत, कुठून कुठे निघाली होती, असं विचारतं. नोंदणीत कोणाचं नाव द्यायचं हा भावनेचा प्रश्न नाही. फोन उचलणारा, इंग्रजीत नीट उत्तरं देणारा आणि बोटीचा मार्ग माहीत असलेला माणूस हवा. आमच्या नोंदणीत पहिलं नाव इथल्या मैत्रिणीचं आहे, दुसरं पुण्यात राहणाऱ्या माझ्या भावाचं. दोघांकडेही एक कागद आहे. त्यावर बोटीचा रंग, लांबी, क्रमांक, बोटीवरची माणसं, लाइफराफ्ट आहे की नाही, आणि या वेळचा मार्ग. प्रत्येक मोठ्या टप्प्याआधी मार्गाची ओळ बदलते. या कागदाला काहीही पैसे पडत नाहीत. माझ्या मते पाच हजार पौंडांच्या पाण्याच्या यंत्रापेक्षा तो जास्त मोलाचा आहे.

याच्या जोडीला एक सूचना. हल्ली बरीच कुटुंबं नकाशावर बोटीचा ठिपका घरच्यांना दाखवतात. चांगलं आहे, पण ठिपका थांबला म्हणजे बोट बुडाली असं नव्हे. बॅटरी संपते, पैसे भरायचे राहतात, यंत्र अडकतं. सासूबाई सातारला रात्रभर जाग्या राहिल्याचं असं एक उदाहरण माझ्या माहितीत आहे. म्हणून निघण्याआधीच ठरवून घ्या : ठिपक्यावरून कोणी काळजी करायची नाही. अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही, तरच त्या माणसाने तटरक्षकांना फोन करायचा. वेळ ठरलेली असली की जीव टांगणीला लागत नाही.

आता स्वयंपाकघर. इथे आपण मराठी माणसं सगळ्यांच्या पुढे आहोत, कारण बोटीवरचं सर्वात उत्तम भांडं म्हणजे आपला प्रेशर कुकर. झाकण बंद असल्याने भांडं कललं तरी उकळतं पाणी मुलाच्या अंगावर सांडत नाही, आणि गॅस कमी लागतो. इथले जुने दर्यावर्दीही कुकर जपून वापरतात. गॅसची मात्र भीती बाळगावी. तो हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकी उघडता येते, बोटीत तो तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडरची पेटी बाहेरच्या बाजूला पाण्यावर उघडणारी हवी, तळाशी गॅसची सूचना देणारा अलार्म हवा आणि झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. हिवाळ्यात हीटर लावून झोपणाऱ्यांनी तर हा अलार्म एक दिवसही लांबवू नये.

नांगराबाबत एकच सांगते : तक्त्यात तुमच्या बोटीसाठी दिलेल्या मापापेक्षा एक माप मोठा घ्या आणि साखळी भरपूर सोडा, खोलीच्या किमान पाचपट. रात्री अख्खं कुटुंब त्या एका लोखंडाच्या भरवशावर झोपतं.

राहिलं पाणी, वीज आणि इंटरनेट. मी यांच्या विरोधात नाही. आमचा उन्हाळ्यातला रोजचा खर्च असा : फ्रीज साधारण ५५० वॅट-तास, दोन लॅपटॉप ६५०, इंटरनेटची छोटी डिश ३००, दिवे आणि उपकरणं २००. म्हणजे १७०० च्या आसपास. ४०० वॅटची पॅनलं इथल्या चांगल्या उन्हाळी दिवशी जेमतेम तेवढंच देतात, हिवाळ्यात त्याच्या पाव भागही नाही. लिथियम बॅटरी घ्याल तर इंजिनाच्या अल्टरनेटरला सांभाळा. ही बॅटरी इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, मधे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. पाण्याचं यंत्र क्लोरीनने आणि बंदरातल्या तेलकट पाण्याने खराब होतं, आणि नेमकं गरजेच्या वेळी बंद पडतं. म्हणून ते असलं तरी माणशी पंधरा-वीस लिटर पाणी कॅनमध्ये वेगळं ठेवायचंच. आणि उपग्रहाचं इंटरनेट ऑफिसच्या मीटिंगसाठी आहे. ते मदत मागण्याचं साधन समजू नका. वीज गेली की ते पहिलं बंद पडतं.

कोणी म्हणेल, एवढी भीती घालणार असाल तर बोटीवर जाणार कोण? मला उलट वाटतं. जी बायको स्वतः नवऱ्याला पाण्यातून वर घेऊन दाखवू शकते, तिला रात्री शांत झोप लागते. जी घाबरलेली असते, तिचा प्रवास पहिल्या वादळानंतर संपतो, आणि मग बोट विकायला निघते. मी अशा दोन बोटी आमच्याच मरीनात विकायला निघालेल्या पाहिल्यात. दोन्हींवर पाण्याचं महागडं यंत्र होतं, वर उचलायच्या कप्प्या एकीवरही नव्हत्या.

खर्चाचाही मुद्दा निघतो. पण जॅकस्टे, जाळी, दोन हातांचे टेथर, मुलांची जॅकेटं, कप्प्या आणि जादा किल कॉर्ड हे सगळं मिळून लिथियम बॅटऱ्यांच्या किमतीच्या खूप खाली येतं. प्रश्न पैशांचा नाही, क्रमाचा आहे.

तेव्हा बेत आखणाऱ्यांना सांगणं एवढंच. खरेदी करण्याआधी एक रविवार काढा. ओळखीच्या कोणाची बोट घ्या, नाहीतर दिवसभरासाठी भाड्याने घ्या. ज्याला सगळं येतं त्याने एका कोपऱ्यात बसायचं आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्याने आणि मुलांनी बोट बाहेर काढायची, शिडं उतरवायची, नांगर टाकायचा, रेडिओवर काय बोलायचं ते म्हणून दाखवायचं. जिथे जिथे अडेल तिथली वस्तू यादीत वर घ्या.

आणि भारतातल्या घरच्यांना : बोट केवढी आहे, फ्रीज आहे का, भाजी कुठे मिळते, हे जरूर विचारा. पण सुनेला किंवा मुलीला एकदा वेगळं बाजूला घेऊन हेही विचारा, की तो पडला तर तू काय करशील? तिने न थांबता पायरी-पायरीने सांगितलं, तर खुशाल आशीर्वाद द्या आणि पुढच्या वेळी येताना कुकरची रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घेऊन या, इथे लवकर मिळत नाहीत. ती गप्प राहिली, तर त्यांना सांगा की निघायची तारीख महिनाभर पुढे ढकला.